चिठ्ठ्या, ऑलिव्ह तेल आणि माझी चूक

काका, (सही 'सदाशिव पेठेतला एक निवृत्त शिक्षक' अशी आहे, म्हणून काकाच म्हणतो.)

तुमची प्रतिक्रिया झोंबली, कारण निम्मी खरी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भूमध्य आहारानं (ऑलिव्ह तेल, भाज्या, फळं, सुकामेवा असं खाणं) हृदयविकार टळतो असं मी स्पेनमधल्या २०१३च्या संशोधनावरून ठोकून दिलं, तो शोधनिबंध २०१८मध्येच मागे घेतलाय, हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं, त्यापेक्षा आजीचं शेंगदाणा तेल बरं.

मागे घेतल्याचं मी लिहिलं नाही, ही चूक माझीच. निबंधाची फाइल कधीतरी उतरवून ठेवली होती, तीच उघडून लिहीत बसलो. तुला मागे घेतलंय गं बाई, हे त्या फाइलला कोण कळवणार?

उरलेलं निम्मं मात्र पटत नाही. तो निबंध मागे का घेतला, ते ऐका तर.

अभ्यासात ७,४४७ माणसं होती. एका गटाला ऑलिव्ह तेल फुकट, दुसऱ्याला अक्रोड-बदाम वगैरे फुकट, तिसऱ्याला नुसता सल्ला: तेलतूप कमी खा. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरायला हवं. एका केंद्रावर लोक कुरकुरायला लागले, की शेजाऱ्याला तेलाच्या बाटल्या आणि आम्हाला काय? तिथल्या संशोधकानं कटकट मिटवायला अख्ख्या दवाखान्याला एकच आहार देऊन टाकला. शिवाय काही घरांत आधीच कुणी अभ्यासात असेल, तर नंतर आलेल्यालाही त्याच गटात बसवलं होतं. (माणूस म्हणून मला हे दोन्ही समजतं. एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार?)

पण त्यानं बिघडतं ते असं. समजा, हाच प्रयोग आपण पुण्यात केला आणि चिठ्ठ्या न टाकता सगळ्या कसब्याला शेंगदाणा तेल, सगळ्या बाणेरला ऑलिव्ह. काही वर्षांनी बाणेरकरांची हृदयं ठणठणीत निघाली, तर श्रेय तेलाला द्यायचं, पगाराला, की रोज सकाळी टेकडी चढण्याला? हा घोळ होऊ नये म्हणून तर चिठ्ठ्या.

जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं २०१७मध्ये पाच हजारांहून जास्त चाचण्यांचे आकडे चाळले. गटांमधले सुरुवातीचे फरक चिठ्ठ्यांनी पडावेत तसे पडलेत का, एवढंच तो बघत होता. त्यात हा स्पेनचा अभ्यास खटकला. मग संशोधकांनीच जुने कागद उपसले, निबंध मागे घेतला आणि दुरुस्त करून त्याच नियतकालिकात पुन्हा छापला. गोंधळातली माणसं वगळूनही हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमीच दिसलं. फक्त 'आहारामुळेच' हा ठामपणा गेला. माझ्या लेखात नेमका तोच ठामपणा होता, हे तुम्ही पकडलंत.

आता याला अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या रांगेत बसवू नका. त्यानं १९९८मध्ये १२ मुलांच्या जोरावर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचं नातं ऑटिझमशी जोडलं, पुढे मुलांच्या नोंदींतच फेरफार निघाले, आणि निबंध मागे घ्यायला तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला २०१० उजाडलं. त्या बारा वर्षांबद्दल तुम्ही चिडलात, तर मीही तुमच्याबरोबर चिडतो. उलट फ्रान्सेस आर्नल्ड बघा. २०१८चं नोबेल मिळालेल्या या बाईंनी २०२०च्या जानेवारीत, परिणाम पुन्हा मिळत नाहीत म्हणून स्वतःचा निबंध मागे घेतला आणि ट्विटरवर सरळ माफी मागितली.

तिघांवर शिक्का एकच, 'मागे घेतला'. म्हणून शिक्क्याबरोबरची सूचना वाचायची. बहुतेकदा ती परिच्छेद-दोन परिच्छेदांचीच असते. मी आता लिहायला बसण्याआधी पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) निबंध नव्यानं उघडतो. मागे घेतलेला असेल तर वरच ठळक पट्टी दिसते. जुन्या लेखाच्या माथ्यावर आज दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या आभारासकट.

आणि शेंगदाणा तेलाचं म्हणाल, तर ते त्या अभ्यासात नव्हतंच. आमच्याकडेही घाण्याचंच येतं, पण ते लसणीच्या चटणीवर बरं लागतं म्हणून.