अडीच फुटांचा प्युरिटन

आमच्या गावच्या चौकात बसवायच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरून सध्या वाद पेटला आहे. शेजारच्या गावाहून तो एक फूट तरी उंच हवाच, असे माझ्या आतेभावाने परवा फोनवर ठासून सांगितले. शिल्पकार कोण, असे मी विचारले, तर ते अजून ठरायचे होते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला, तरीही आपण आधी फूटच मोजतो, याची मला मनापासून चीड येते.

मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला राहतो. इथे लायब्ररीतून बाहेर पडले, की मेरिक पार्कच्या कोपऱ्यावर अमेरिकन शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सचा ‘प्युरिटन’, म्हणजे सतराव्या शतकातल्या कडव्या प्रोटेस्टंट वसाहतकऱ्याचा पुतळा, दिसतो. चर्चचा डीकन, म्हणजे पदाधिकारी, असलेल्या सॅम्युएल चेपिनचे हे स्मारक १८८७ साली स्टर्न्स स्क्वेअरमध्ये उभे राहिले आणि १८९९ साली इथे आले. चेपिनचे एकही चित्र उपलब्ध नव्हते, म्हणून शिल्पकाराने वंशजाच्या चेहऱ्याचा आधार घेतला आणि हाती काठी व बायबल घेऊन झपाझप निघालेला एक अख्खा काळच घडवला. पुढे त्याने याच पुतळ्याच्या छोट्या ब्राँझ प्रती काढल्या. त्यांपैकी जेमतेम अडीच फुटांची एक मी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहिली. उंची गेली होती, पण झग्याचा घोळ, पावलातला जोर आणि टोपीखालची ती करडी नजर यांत तसूभरही उणे नव्हते. पुतळा लहान केला, की लपायला जागा उरत नाही; चुकलेला खांदा तिथे लगेच डोळ्यांत भरतो.

हे आपल्याला नवे नाही. सासवण्याच्या शिल्पकार करमरकरांनी पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीच घडवला, आणि त्याच्यासमोर उभे राहिल्यावर तो किती फुटी आहे, हे मला कधी विचारावेसे वाटले नाही.

आतेभाऊ म्हणाला, “दादा, तुमच्याकडे ती स्वातंत्र्यदेवी चबुतऱ्यासकट तीनशे फुटांची, मग आमच्याच उंचीवर का घसरतोस?” मला उत्तर सुचले नाही; खरे तर त्यातला ‘तुमच्याकडे’ हा शब्दच जास्त लागला, कारण इतकी वर्षे इथे काढूनही माझ्या तोंडी ‘आपल्याकडे’ येते ते गावाबद्दलच. पुतळ्याच्या पायाशी रोज उभा राहणार तो, मी नाही, हेही तितकेच खरे आहे.

वर्गणी पाठवली आहे. सोबत एवढीच विनंती केली आहे, की उंची ठरवण्याआधी शिल्पकाराकडून अडीच फुटांचा नमुना मातीत करवून घ्यावा आणि तो आठ दिवस देवळाच्या पारावर ठेवावा.