चितारआळीवर दया नको

गेला आठवडाभर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद पेटलाय. धाकट्या वहिनीने सावंतवाडीच्या चितारआळीतल्या, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीतल्या, लाकडी फळांच्या परडीचा फोटो टाकला आणि खाली किंमत लिहिली. लगेच एकाने लिहिलं, एवढ्यात प्लॅस्टिकच्या चार परड्या येतील. दुसऱ्याचा प्रश्न, यांना आयएसआय चिन्हातून सूट कशाला? रंगात काय घालतात देव जाणे, पोरं तोंडात घालतात. आणि सावंतवाडीतच राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने निकाल देऊन टाकला: "आता कोण घेता रे लाकडाची खेळणी? शोपीस म्हणून बरी."

मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहते. गाडीने तास-सव्वा तासावर एर्त्सगेबिर्गेच्या डोंगरात झायफेन हे लाकडी खेळण्यांचं गाव आहे. आडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, आला की आमच्या गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत तिथलेच श्विबबोगन, म्हणजे दिव्यांच्या लाकडी कमानी, पेटतात. त्यांची किंमत ऐकून "प्लॅस्टिकच्या किती येतील" असं विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणूनच घरचा वाद वाचून माझं डोकं तापतं.

ही सूट का दिली ते आधी सांगते, कारण त्यावर अर्धवट माहितीने बोललं जातंय. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे अधिकृत उत्पादक यांना त्यातून वगळलं. ते बरोबरच होतं. नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका घरात वाळवून, अंगणातल्या लेथवर आंबा कातणाऱ्या माणसाने कारखान्याचा परवाना कुठून आणायचा? पण सूट म्हणजे मान नव्हे. सूट दिली आणि विषय संपला, असं आपण ठरवून टाकलं. आज ग्रुपवर कुणी "रंगात काय असतं" विचारलं तर चितारी दाखवणार काय? त्याच्या हातात कागदच नाही.

झायफेनच्या छोट्यातल्या छोट्या कारागिरालाही सूट नाही. खेळणं म्हणून विकायचं तर युरोपचं सीई चिन्ह हवं, रंगातून शिसं किंवा कॅडमियम किती सुटतं याची मर्यादा पाळायला हवी, आणि ती पाळल्याचं घोषणापत्र त्याने स्वतःच्या सहीने द्यायचं. त्यामुळे गिऱ्हाईक त्याच्याकडे संशयाने बघत नाही आणि कीव करूनही घेत नाही. आपल्याकडे काही होतच नाही असंही नाही. आंध्रातल्या एटिकोप्पाकाच्या सी. व्ही. राजूंनी झाडपाल्याचे रंग लाखेत उतरवून दाखवले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कर्नाटकातल्या चन्नपटणाला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, वरून केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. रंगाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. चितारआळीत येऊन तो सोडवायला कुणी बसलेलं मला दिसत नाही.

आता माझ्या मुख्य रागाकडे येते. इथे जर्मनीत लाकडी खेळणी करणं हा राज्यमान्य व्यवसाय आहे. तीन वर्षं शिकायचं, परीक्षा द्यायची. २००४ साली सरकारने कातारी आणि खेळणीकार यांच्यावरची माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, या पदवीची अट काढली होती, २०२० मध्ये ती परत आणली. म्हणजे आज नव्याने स्वतःची कार्यशाळा काढायची तर साधारणपणे आधी माइस्टर व्हावं लागतं, नाहीतर माइस्टर नेमावा लागतो. आपल्या आयटीआयमधला टर्नर लोखंड कातायला शिकतो आणि त्याला प्रमाणपत्र मिळतं. पांगारा कातणारा बापाकडे शिकतो आणि त्याला "पारंपरिक कारागीर" म्हणतात. हे दोन शब्द कौतुकाचे वाटतात, पण बँकेत ते चालत नाहीत आणि मुलीकडचे लोक आले तरी चालत नाहीत.

यावर भावाने लगेच लिहिलं, "ताई, तुझ्या झायफेनात तरी पोरं राहतात काय या धंद्यात?" खरं आहे, तिथेही रायफनड्रेयन ही कातण्याची जुनी पद्धत जाणणारे बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. ओल्या स्प्रूसची चकती लेथवर लावायची आणि आतला आकार दिसत नसताना खाचा कातत तिचं गोल कडं करायचं. मग कडं सुरीने उभं चिरलं की एकेका फोडीत घोडा नाहीतर गाय निघते. हे शिकायला वर्षं जातात आणि पोरं शहरात पळतात. पण जे थांबतात त्यांना कुणी "शोपीस" म्हणत नाही, एवढं मी भावाला ठणकावून सांगितलं.

चिनी मालाचा मुद्दाही आलाच. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. पण त्या भिंतीआड प्लॅस्टिकचे देशी कारखानेही उभेच आहेत. चिताऱ्याची स्पर्धा त्यांच्याशी आहे, आणि आपल्याच माणसांच्या घासाघिशीशी.

मग भावाने ते लिहिलं, ज्याने मला दोन रात्री झोप आली नाही. "तू येतंस, चितारआळीत फोटो काढतंस, पिशवी भरून नेतंस. इथे राहून बघ."

उत्तर मला माहीत होतं आणि तरी लिहिता आलं नाही. सावंतवाडीतलं आमचं घर विकलं गेलंय. मोती तलावाकाठी मी आता पाहुणी आहे, खिशात परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड असलेली. तिथल्या नगरपालिकेत माझं मत नाही. इथे आहे, आणि इथे मी शेजाऱ्यांसारखाच खिडकीत श्विबबोगन लावते, मनापासून लावते. तरी स्वयंपाकघरात परडी आहे ती सावंतवाडीची: आंबा, काजूचं बोंड, कारलं, लाल मिरची. नवा पाहुणा बोंडाला हात घालून हे कुठलं फळ म्हणून विचारतो, आणि मी सांगायला लागले की थांबत नाही. पांगारा कुंपणाला लावतात, मिरवेल चढवायला लावतात, त्याला लाल फुलं येतात, लाकूड हलकं असतं म्हणून खेळण्याला चांगलं. राजवाड्यात अजून गंजिफाचे पत्ते रंगवतात, दशावतारी, १२० पानं. हे सगळं माझं आहे असं मी सांगते. चितारी आमचे कुणी नाहीत, तरी सांगते. चितारआळी बंद पडली तर मी कुठली हे दाखवायला माझ्याजवळ दुसरं काय उरेल, ही भीती माझ्या रागाखाली आहे. भावाला तशी भीती नाही. तो तिथलाच आहे, त्याला काही दाखवावं लागत नाही.

पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. मी त्याला एवढंच लिहिलंय: मला राहायला सांगतोस ते बाजूला ठेव, तू राहतोस ना? मग आयटीआयमध्ये लाकडाचा टर्नर सुरू करा म्हणून आमदाराकडे अर्ज दे, रंगाच्या तपासणीचा खर्च कोण उचलेल ते विचार, पहिल्या वर्षाचे पैसे मी पाठवते. आणि वहिनीला सांग, परडी चांगली आहे, दिलेली किंमत योग्य आहे. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, निळ्या खुणा मात्र दिसतायत.