कागदावर तीन खण

कोकणात घर घ्यायचं ठरवलंत, तर आधी घर बघा आणि कागद नंतर. उलट केलंत तर घर आवडेनासं होतं, आणि एजंटचा एक दिवस फुकट जातो.

घर बघायला शक्यतो मे महिन्यात जा. अंगणात फणस लगडलेला असतो, हातात कोकम सरबताचा पेला येतो आणि भिंतींना ओल धरलेली नसते. दारातून आत शिरलात की ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. हे झालं मूळ घर. इथे फार रेंगाळू नका, कारण तुम्ही पैसे ज्याचे मोजणार आहात तो माल पुढेच आहे. मागची पडवी बंद करून काढलेली बेडरूम. तिच्यापलीकडे दुसरी बेडरूम, पूर्वाश्रमीचा गोठा. गोठ्याला टेकून अटॅच बाथरूम. बाजूने लोखंडी जिना, वर स्लॅब, त्यावर अँगल ठोकून आणि निळे पत्रे चढवून केलेला हॉल. समुद्र दिसतो तो या हॉलातून. जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं असतं ते याच पत्र्यांच्या जिवावर.

हे सगळं कधी बांधलं, असं विचारू नये. ते बांधलेलं नसतंच, वाढलेलं असतं. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा पडवी गेली. बैल विकले तेव्हा गोठा गेला. मुंबईच्या भावाची बायको गणपतीला आली आणि तिला मागच्या दारची न्हाणी चालेना, तेव्हा बाथरूम झालं. मग शेजारच्याने होमस्टे काढला, म्हणून वरचा हॉल. परवानगी? ती होती की! त्या वेळी सरपंच भावकीतलाच होता.

तुम्ही शहरातले, म्हणून तरीही विचारालच. त्यावर मालक कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढतो. त्यात घरपट्टीच्या पावत्या असतात, थेट आजोबांच्या काळापासूनच्या. “हे बघा साहेब, ग्रामपंचायतीत नोंद आहे. लाईटबिल पण आहे. अजून काय पायजे?” खरोखर, अजून काय पाहिजे? घरपट्टीचा नमुना 8 चा उतारा म्हणजे कर आकारल्याची नोंद. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगी तर त्याहून नाही, हे तुमचा वकील सांगेल. म्हणून वकील नेऊ नका. नेलाच, तर त्याला बाहेर झोपाळ्यावर बसवून सरबत द्या.

त्या उताऱ्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘तीन खणी कौलारू घर’. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तुम्ही भाव ठरवलेला असतो आठ खणांचा. हा फरक म्हणजे व्यवहारातली कविता आहे. खरेदीखतात तीनच खण लिहायचे, मुद्रांक तेवढ्यावरच भरायचा आणि उरलेल्या पाच खणांचे पैसे रोख द्यायचे. रोख दिलेल्या पैशांची पावती मागणं हा आमच्याकडे अपमान समजतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हे खत बिनबोभाट नोंदलं जातं, कारण दस्त नोंदवणं हे त्यांचं काम. जिन्यावर चढून पत्रे मोजणं नाही. ‘रजिस्टर झालंय’ हा शब्द ऐकून पुढची दहा वर्षं शांत झोपणारी माणसं मला माहीत आहेत.

बँक मात्र वेडी असते. तिचा माणूस येतो, नकाशा मागतो, बिनशेतीचा आदेश मागतो, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मागतो. तो गेला की एजंट पतपेढीचं नाव सुचवतो. व्याज थोडं जास्त असतं, पण तिथे नकाशा मागून कुणी कुणाचं मन दुखवत नाही.

सातबाराही बघू नका, पण चुकून नजरेस पडलाच तर त्यातली गंमत घ्या. जमीन बिनशेती झालेली नसेल, तर तुमचा हॉल ज्या जागेवर उभा आहे तिथे सरकारदरबारी अजून वरकस जमीन आहे आणि गवत उगवतंय. सोफ्याखाली हात घालून बघा. शिवाय जमीन शेतीची आणि तुम्ही शेतकरी नाही, म्हणजे कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. त्यावर ‘आपण बघू’ हे औषध एजंटकडे असतं. मालकाच्या रकान्यात मालकाबरोबर आणखी सतरा-अठरा नावं असतात. काही विरारला, काही परळला, दोन-तीन देवाघरी. घर वाढलं तसा वंशही वाढला, एवढंच. त्यातल्या एखाद्या चुलत पुतण्याला तुम्ही पैसे दिल्यानंतर गावाची आठवण येते. आठवण अनावर झाली की तो वकील करतो.

आता समुद्र. घर किनाऱ्याजवळ असेल तर भरतीची रेषा हा शब्द कधीतरी कानावर पडेल. 19 फेब्रुवारी 1991 ला केंद्र सरकारने किनारपट्टीची पहिली अधिसूचना काढली. गावांच्या बाजूला भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. असलेलं अधिकृत घर दुरुस्त करा, पण जोत्याच्या बाहेर पाय टाकू नका. पुढे 2011 ची अधिसूचना आली, मग 2019 ची. या शेवटच्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना 200 चे 50 मीटर करण्याची सोय आहे. दाट म्हणजे किती, तर 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त माणसं. आमच्या गावात एवढी माणसं शिमग्याला भरतात, गणपतीत तर त्याहून जास्त. पण जनगणनेची माणसं आली होती ती फेब्रुवारीत, तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि मांजरं. एका महिन्याने आमचे दीडशे मीटर गेले.

विकणाऱ्याला हे विचारलंत तर तो समुद्राकडे हात करून म्हणेल, “अवो, पूर्वी दर्या लांब होता, आता तोच पुढे आला. त्यात आमची काय चूक?” यावर काही बोलता येत नाही. मी तरी गप्प बसलो होतो.

बांधकामाच्या मजबुतीबद्दल मात्र निर्धास्त राहा. मिस्त्री तुमच्यासमोर भिंतीवर थाप मारतो. “साहेब, खाली चिरा आहे. डोंगर आहे तो. वर हत्ती नाचवा.” चिरा चांगलाच असतो, वाद नाही. फक्त जुनी भिंत मातीत रचलेली असते आणि ती बिचारी कौलं तोलायच्या बोलीवर उभी राहिलेली असते. तिच्यावर स्लॅब येणार, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. त्यात मधली भिंत पाडून ‘ओपन किचन’ केलेलं असेल तर स्वयंपाक करता करता वरच्या हॉलचं वजन ऐकू येतं. स्लॅबची वाळू खाडीची असेल तर सळईला खार लागतो, गंज फुगतो आणि स्लॅबच्या पोटाला सळईच्या रेषेत तपकिरी रेघ उठते. मग पापुद्रे सुटतात. ती रेघ शोधायला मान वर करू नका. विक्रीआधीच तिथे पीओपीचं छत बसवलेलं असतं, मध्ये गोल खड्डा आणि त्यात निळा दिवा.

बाथरूमचा शोषखड्डा कुठे आहे, हेही विचारू नका. आमचा विहिरीपासून सात पावलांवर निघाला. विहिरीचं पाणी फार गोड आहे, असं एजंट म्हणाला होता.

कायद्याची भीती बाळगू नका. नगररचना कायद्याचं 52 वं कलम वाचून काढा, छातीत धीर येतो. विनापरवाना बांधकामाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण दंड पाच हजारांपर्यंत आणि तसंच चालू ठेवलंत तर रोजचे वर दोनशे. 1966 चा कायदा. दोनशे रुपयांत समुद्र दिसणारी खोली रोज कुठे मिळते? फक्त त्याच्या पुढचं, 53 वं कलम वाचायला जाऊ नका. त्यात पाडण्याची नोटीस आहे, आणि ती नोटीस बांधणाऱ्याचा पत्ता शोधत विरारला जात नाही. जो घरात राहतो त्याच्या दारावर चिकटते.

कुणी म्हणेल, तीस वर्षं जुनं आहे, आता कोण हात लावतोय? छान मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 च्या निकालात नेमका त्यालाच हात घातला: बांधकामाला किती काळ लोटला, त्यात किती पैसा घातला, अधिकारी किती वर्षं झोपले, यातल्या कशानेही बेकायदा ते कायदेशीर होत नाही. दिल्ली लांब आहे म्हणाल, तर किहीम जवळ आहे. अलिबागजवळच्या या किनाऱ्यावर परदेशी पळालेल्या एका हिरे व्यापाऱ्याचा बंगला 2019 च्या मार्चमध्ये सुरुंग लावून उडवला. तो भक्कम बांधलेला होता. तुमच्या घराला सुरुंगाचा खर्च येणार नाही, ही एक जमेची बाजू.

आणि कधी कधी सरकारची वाटही बघावी लागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले जेवढे ‘सी व्ह्यू’ होते तेवढे दुपारपर्यंत उतरले. निळे पत्रे माडांच्या झावळ्यांत अडकले होते, एक तर खाली देवळाच्या आवारात सापडला. खालचे तीन-तीन खण बहुतेकांचे उभे राहिले. कौलं गेली, ती पुन्हा शाकारली. पंचनाम्याला आलेल्या माणसाने वरच्या हॉलचं नुकसान लिहून घ्यायला म्हणून उतारा मागितला. उताऱ्यात हॉल नव्हता. नसलेला हॉल उडाला कसा, असं त्याने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं.

एवढं सगळं सांगूनही तुम्ही मोजणी करून घेणार असाल, तर करा बापडे. मीही केली. खरेदीनंतर, म्हणजे योग्य वेळी. भूकरमापक मशीन घेऊन आला, सकाळभर त्याने गडग्याच्या कडेने खुणा केल्या, मग म्हणाला, “जरा बाथरूम उघडता का?” आत गेला. कमोड आणि बेसिन यांच्या मधोमध त्याने खडूने फुली मारली. हद्द तिथून जात होती. बेसिन माझं होतं. कमोड, शॉवर, गिझर आणि खिडकीतला मनीप्लँट हे सगळं शेजारच्या काकांच्या हद्दीत.

काका मोजणीला हजर होते. ते काही बोलले नाहीत. दाराशी उभे राहून फुलीकडे बघत तपकीर ओढली आणि घरी गेले. संध्याकाळी स्वतःच आले. म्हणाले, “कोर्टकचेरी नको हां. आपण शेजारी. तू वापर. फक्त गणपतीत आमचे मुंबईवाले येतात, सतरा जण. पाच दिवस तेवढं आम्हाला लागेल.”

कागद वगैरे काही केला नाही. शब्दावर झालं. गेल्या गणपतीत त्यांची सून पहाटे पाचला टॉवेल घेऊन आमच्या माजघरातून जायची, जाता जाता आमच्या बायकोला “गिझर लावलाय ना?” विचारायची, आणि आम्ही सगळे मागच्या दारी दगडावर, विहिरीच्या गोड पाण्याने.