डॅलसकरांना उत्तर: ब्रँड, वजन आणि दारावरचं स्टिकर

डॅलसकर, नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: ट्रॅव्हल ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरावर, मी एवढं लांबण लावलं, पण कुठला ब्रँड घ्यावा ते सांगितलंच नाही, ‘नावं वेगळी, मालक एकच’ हा शेरा आळशी आहे, आणि वजनाचा मी उगाच बाऊ केला, कारण तुमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते आणि आवडलेला ट्रेलर आहे ४,२००चा.

आळशीपणा अर्धा मान्य. एअरस्ट्रीम, जेको, कीस्टोन हे तिन्ही ब्रँड थॉर इंडस्ट्रीजचे आणि फॉरेस्ट रिव्हर २००५पासून बर्कशायर हॅथवेकडे, हे खरं. बरेचसे ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपासच बनतात. पण एकाच जेकोची ‘जे फ्लाइट’ ही मालिका म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा, तर ‘जे फेदर’ला चिकटवून केलेल्या फायबरग्लासच्या भिंती. पहिलीचा पत्रा काढून आतलं लाकूड बदलता येतं. दुसरीत सांध्यातून पाणी शिरलं की पापुद्रे सुटतात, भिंतीला फुगा येतो आणि दुरुस्तीचं बिल बघून घाम फुटतो. ब्रँड सोडा, मॉडेल बघा, असं म्हणताना हे फोडून सांगायला हवं होतं. राहिलं.

वजनाबाबत मात्र मी हटणार नाही. ४,२०० हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांच्या वर नुसतं पाणीच. बॅटरी, भांडी, पांघरुणं, खुर्च्या, डाळ-तांदूळ आणि कुकर (कुकरशिवाय आपण निघतो थोडेच!) मिळून ५०० धरा. ५,००० इथेच ओलांडले. त्यातला १२-१३ टक्के भार हिचवर (ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्यावर), म्हणजे सव्वासहाशे पौंड तुमच्या गाडीच्या पाठीवर. आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. समजा १,२०० आहेत आणि तुम्ही चौघं मिळून ६००चे. कोटा संपला, आणि हिचचं लोखंड व डिकीतल्या बॅगा अजून मोजलेल्याच नाहीत.

कुठला घ्यावा? दोघंच असाल तर मी जुना स्कँप किंवा कसीटा शोधेन. फायबरग्लासची अंड्यासारखी कवचं, छपराला सांधे जवळजवळ नाहीतच. चौघांना मात्र ते अडचणीचं होईल. एअरस्ट्रीम देखणा, पण किंमत ऐकून मी हात जोडतो.

आमचा पहिला ट्रेलर सेकंडहँड. दोन तास आम्ही आतली मांडणी आणि पडद्यांचा रंग बघत बसलो, पलंगाखालचा कप्पा काही उघडला नाही. ‘छप्पर नुकतंच सील केलंय’, विकणारा म्हणाला. पहिल्याच पावसानंतर त्या कप्प्यातलं प्लायवूड अंगठ्याने दाबलं, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं.

तुमच्या दारावरचा आकडा आणि आवडलेलं मॉडेल कळवा, गणित इथेच मांडू. आणि बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या.