६० महिन्यांतले फुकटचे किती?

वॉरंटी आणि गॅरंटीतला फरक सांगणारा तुमचा लेख वाचला. छान सांगितलंय, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या वॉरंटीचा मुद्दा राहिला. खोक्यावर ठळक ६० महिने, आणि कार्डावर बारीक अक्षरात ३६ + २४. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी गेली तर बदलून फुकट. पुढच्या २४ त 'प्रो-राटा', म्हणजे नवीन बॅटरीच्या किमतीत थोडी सूट, बाकीचे पैसे आपणच मोजायचे. आणि ही सूट छापील किमतीवर! दुकानदार एरवीच छापील किमतीपेक्षा कमीत देतो, त्यामुळे शेवटी हातात काय पडतं ते विचारू नका.

आमची ३४व्या महिन्यात बसली. कार्ड होतं, पण त्यावर दुकानाचा शिक्काच नव्हता. बिल काढलं तर कोरा पांढरा कागद! थर्मल पेपरवरची शाई केव्हाच उडून गेलेली. नशीब, बायकोने घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढून ठेवला होता. तरी दुकानदार "कंपनीकडे जा" म्हणून हात वर करत होता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर आठवड्याभरात बॅटरी आली. तीही नवी वॉरंटी घेऊन नाही हं, जुनीचीच उरलेली मुदत पुढे चालू.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.