घर भरलेलं, पण न्हाणीघरात धरायला दांडी नाही

परदेशात म्हातारी माणसं एकटी पडतात की आपल्याकडेच त्यांचे हाल होतात, हा नागपूरच्या फॅमिली ग्रुपवरचा वाद काही संपत नाही. इंग्लंडमधून तो वाचताना वाटतं, भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि पडायला घर रिकामं असावं लागत नाही.

नागपूरचा उन्हाळा तर पाडायलाच बसलेला. पारा ४५ च्या पुढे, घाम वाहतोय, बीपीच्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी. मग पलंगावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्या मशीनवर तपासता येतं: पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर त्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. शिवाय कूलर भरताना सांडलेलं पाणी गुळगुळीत टाइल्सवर तसंच असतं, त्यावर सैल सपाता!

इंग्लंडमध्ये दांड्या बसवण्यासारखी १००० पौंडांपर्यंतची छोटी कामं गरज ठरल्यावर कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, फुकट करून देते. ठरेपर्यंत ताटकळावं लागतं, ते वेगळं. नागपुरात हे काम घरच्यांनीच करायचं. टॉवेलची दांडी चालत नाही, भार पडला की ती स्क्रूसकट उपटून येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ जाड स्टीलची दांडी हवी, तिचे स्क्रू टाइलच्या मागच्या विटेत खोल गेलेले हवेत.

फुटाळा तलावावर रोज फिरतो, मग आणखी काय, असं बरेच जण म्हणतात. फिरणं शुगरला चांगलं, पण नुसत्या फिरण्यानं पडणं कमी होत नाही. मांड्यांची ताकद आणि तोल, दोन्ही कमवावे लागतात. न्यूझीलंडच्या ओटागो पद्धतीत आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास हेच करून घेतात. सुरुवातीला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून शक्यतो हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मग ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या.

भरल्या घराचा एक फायदा इंग्लंडला जमत नाही: पडलेल्या माणसाला लगेच कोणी तरी उचलतं. तासभर जमिनीवर पडून राहिलं तर पुढचं दुखणं फार वाढतं. पण तेच घर ‘आजी, तुम्ही बसा, मी आणते’ म्हणत पायांतली ताकद घालवतं. इंग्लंडमध्ये खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं की सहसा दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट उभं करतो. आपल्याकडे नातेवाईक ‘आराम करू द्या’ म्हणतात, आणि आठवड्याभरात पाठीला जखमा, छातीत कफ.

आयुष्मान भारत योजनेतलं सत्तरीनंतरचं वय वंदना कार्ड जरूर काढा, वर्षाला पाच लाखांचे उपचार त्यात होतात. ते कामी येतं ते भरती झाल्यावर. दांडी, खुर्ची आणि कोरडी फरशी त्यात बसत नाहीत.