एसडब्ल्यूआर मीटर बघून डुप्लेक्सर ट्यून होत नसतो

"मामा, वास यायलाय."

परवा रात्री साडेदहाला अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला, त्यातलं हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "मी काहीच नाही केलं, ग्रुपवर दिलंय तसंच केलं." २५ वॉटच्या रेडिओ सेटचं फायनल, म्हणजे अँटेनाला ताकद पुरवणारा शेवटचा भाग, उडालं होतं. सेट माझा होता.

ग्रुपवर काय दिलंय ते त्यानं पाठवलं. तेव्हा ध्यानात आलं की हाच मजकूर लातूर, परभणी, नांदेड अशा तीन गटांतून माझ्याकडं आधीच येऊन पडलेला होता आणि मी तो न वाचता वर सरकवला होता. त्यातले शब्द आधी सांगतो. रिपीटर म्हणजे कमजोर सिग्नल ऐकून तोच जोरात पुढं पाठवणारा सेट. डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टरचा डबा; त्यातली एकेक पोकळी म्हणजे कॅव्हिटी, आणि केबल जोडायची जागा म्हणजे पोर्ट. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या ताकदीतली किती माघारी येते त्याचं माप. नॅनो-व्हीएनए म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल पार होतो ते दाखवणारं छोटं यंत्र. मजकूर थोडक्यात असा:

"स्वस्तात गावाचा रिपीटर! सहा कॅव्हिटीचा चिनी डुप्लेक्सर मागवा, फॅक्टरीतून ट्यून होऊनच येतो. फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर ट्रान्समिटर चालू ठेवा आणि एसडब्ल्यूआर कमीत कमी येईपर्यंत सहाही स्क्रू फिरवा. कोणता पोर्ट कुठं जोडला याला महत्त्व नाही. नॅनो-व्हीएनए खेळणं आहे, पैसे वाचवा. एकदा ट्यून केला की आयुष्यभर बघायला नको. नाहीच जमलं तर गच्चीवर दहा फुटांवर दोन अँटेना लावा. गावकामाला लायसन्स लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात हॅमवाल्यांनीच निरोप पोचवले होते, म्हणून हा मेसेज गावोगावी गेला पाहिजे."

किल्लारीचं खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर तिथून निरोप बाहेर काढायला हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, होती. पण ती परवानाधारक होती, परीक्षा देऊन आलेली. त्यांचं नाव पुढं करून "लायसन्स लागत नाही" म्हणणं हा निव्वळ कोडगेपणा आहे. रिपीटर म्हणजे रात्रंदिवस उघडा ठेवलेला ट्रान्समिटर. केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना हातात नसेल तर त्याला डमी लोडच्या (अँटेनाऐवजी जोडायचा, ताकद पोटात जिरवणारा रोध) पुढं जाऊ द्यायचं नाही. आणि हॅमचा परवाना असला तरी त्यावर कारखान्याचा नाहीतर दुकानाचा धंदा चालवता येत नाही. हा मुद्दा इथंच संपला.

आता ज्यानं माझा सेट खाल्ला त्या मुद्द्याकडं येतो.

रिपीटर ज्या क्षणी ऐकतो त्याच क्षणी बोलतो, आणि तेही एकाच अँटेनावर. वरातीतल्या डीजेच्या भिंतीला पाठ टेकून मोबाइलवर आजीशी बोलावं तसं हे काम आहे. हिशेब मांडू. २५ वॉट म्हणजे ४४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेतली ताकद; दर १० डीबीला दहापट फरक). चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्ट ऐकतो, म्हणजे उणे ११९ डीबीएम. मध्ये १६० डीबीच्या आसपास दरी. ती डुप्लेक्सर एकटा भरत नाही, पण ट्रान्समिटरचा मारा रिसीव्हरच्या सोसण्याइतका खाली आणणं हे त्याचंच काम. स्वस्त डब्यात हे काम नॉच करतो, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर पाडलेली खोल खाच. रिसीव्हरकडच्या तीन कॅव्हिटी ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी दाबतात. ट्रान्समिटरकडच्या तीन कॅव्हिटी रिसीव्ह फ्रिक्वेन्सी दाबतात, कारण ट्रान्समिटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूलाही सूं-सूं आवाज सांडत असतो आणि तो थेट रिसीव्हरच्या कानात जातो.

यातलं एसडब्ल्यूआर मीटरला काय दिसतं? काहीच नाही. त्याला फक्त ट्रान्समिटरची ताकद पुढं किती गेली आणि मागं किती आली एवढंच कळतं. नॉच ७५ डीबीचा असेल तर रिसीव्हरवर उणे ३१ डीबीएम पोचतात. तोच ५० डीबीचा असेल तर उणे ६, म्हणजे तीनशेपटीहून जास्त ताकद. दोन्ही वेळा मीटरची सुई जागची हलत नाही. इथवर मी मेसेज लिहिणाऱ्याला अज्ञान म्हणून माफ केलं असतं. पण ट्रान्समिटरकडच्या बाजूला एसडब्ल्यूआर सगळ्यात सुंदर कधी येतो? नॉच त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपासून आणि ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीपासून जितका लांब पळवाल तितका! म्हणजे हा गृहस्थ लोकांना डुप्लेक्सर बिघडवायची पद्धत शिकवतोय. नुसता एसडब्ल्यूआरच हवा असेल तर डबा काढून ठेवा आणि सरळ केबल जोडा.

त्यात "कोणताही पोर्ट कुठंही." डब्यावर लो आणि हाय लिहिलेलं असतं ते शोभेला नाही. लो पोर्ट खालची फ्रिक्वेन्सी जाऊ देतो, वरची अडवतो. हायचं याच्या उलट. भाच्याचा ट्रान्समिटर वरच्या फ्रिक्वेन्सीवर आणि जोडला लो पोर्टला. म्हणजे पूर्ण २५ वॉट त्याच फ्रिक्वेन्सीसाठी बांधलेल्या भिंतीवर आपटून माघारी. बरं, आपटले तर दोन सेकंद आपटले असते, पण मेसेजनं सांगितलंय की चालू ठेवून फिरवत बसा. पोरानं वीस मिनिटं पीटीटीला (बोलायच्या बटणाला) रबरबँड लावून ठेवलं होतं. मग वास नाही येणार तर काय?

"फॅक्टरीतून ट्यून होऊन येतो" हे अर्धं खरं आहे, कबूल. मागवताना दोन्ही फ्रिक्वेन्सी कळवल्या तर बरेच विक्रेते त्यावर लावून देतात, आणि माझ्या हातातून गेलेल्यांपैकी काही बऱ्यापैकी लावलेले होते. पण भाच्याच्या खोक्यात एक कागद आहे, तोच या मेसेजला उत्तर आहे: दोन फ्रिक्वेन्सींतलं अंतर ५ ते १० मेगाहर्ट्झ, आयसोलेशन (एका बाजूची ताकद दुसरीकडं जाताना किती दबते) ७५ डीबी, लॉस (वाटेत वाया जाणारी ताकद) दीड डीबीच्या आत, ताकद ५० वॉट. आता आपल्याकडं हॅमला ७० सेंटिमीटर तरंगलांबीचा पट्टा मिळतो ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. अख्खा पट्टाच चारचा, त्यात पाचाचं अंतर कुठून मावणार? ते अमेरिकेतलं गणित आहे. आपल्याला साडेतीनच्या आसपास भागवावं लागतं. अंतर कमी झालं की नॉच उथळ होतो आणि लॉस वाढतो. कागदावरचे ७५ इथं मिळतील ही आशा सोडा, आणि ट्रान्समिटर दहा-पंधरा वॉटवर ठेवा. दोन मीटरच्या पट्ट्यावर ६०० किलोहर्ट्झच्या अंतरासाठी हाच डबा वापरता का, असं एकानं विचारलंय. नाही. तिथं अर्धा मीटरच्या वर उंच नळकांडी लागतात.

नॅनो-व्हीएनए खेळणं? इथं मला थोडं गिळावं लागतं. साधं मॉडेल ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीवर) चालतं आणि ४३६ ला त्याची नजर ५०-६० डीबीच्या खाली पोचत नाही. तीन कॅव्हिटी एकत्र आल्या की नॉचचा तळ त्याला दिसत नाही, नुसती खरखर दिसते. पण म्हणून आंधळ्यानं स्क्रू फिरवायचे? एका बाजूच्या दोन कॅव्हिटी मुद्दाम लांब सरकवा आणि एकच फ्रिक्वेन्सीवर आणा. एकटीचा नॉच त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो. ती बसली की दुसरी, मग तिसरी. न वापरलेल्या तिसऱ्या पोर्टवर ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल जिरवणारी रोधाची टोपी) हवंच, नाहीतर दिसणारा आलेख खोटा. स्पॅन, म्हणजे आलेखात दिसणारी फ्रिक्वेन्सीची रुंदी, एक-दोन मेगाहर्ट्झच ठेवा. दहाचा ठेवला तर १०१ ठिपक्यांत दर ठिपका १०० किलोहर्ट्झवर पडतो आणि नॉचचा तळ दोन ठिपक्यांमध्ये लपून बसतो. आणि चेकनट (स्क्रू जागेवर पक्का करणारा नट) आवळताना नॉच सरकतो. तो किती सरकतो ते पाहून आधीच तेवढा उलटा ठेवायचा. हे दोन-चार वेळा चुकल्याशिवाय हाताला येत नाही.

शेवटची परीक्षा सेटवरच. जेमतेम ऐकू येईल इतका कमजोर सिग्नल रिसीव्हरला द्या आणि ट्रान्समिटर चालू करा. आवाज तसाच राहिला तर जमलं. खरखरीत बुडाला तर पुन्हा बसा.

"आयुष्यभर बघायला नको" हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेली नाही. ॲल्युमिनियम एका अंशाला दशलक्षात २३ भागांनी वाढतं. डिसेंबरच्या पहाटेचे १२ आणि मेच्या पत्र्याखालचे ४७ धरले तर ३५ अंशांचा फरक, ४३६ मेगाहर्ट्झवर साधारण ३५० किलोहर्ट्झ. प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल, पण थंडीत लावलेला नॉच उन्हाळ्यात जागेवर राहत नाही. मी वर्षातून दोनदा बघतो.

दहा फुटांवर दोन अँटेना: गच्चीवर शेजारी-शेजारी लावल्या तर आयसोलेशन ३५ डीबीच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. त्याच एकीच्या डोक्यावर एक, उभ्या रेषेत लावल्या तर दहा फुटांतच ५०च्या वर जातात, आणि दहा मीटर अंतर मिळालं तर हिशेबानं ७५. टॉवर असेल तर हा मार्ग खरंच चांगला आहे. मेसेजमध्ये टॉवर नाही, गच्ची आहे.

भाच्याचा डबा आता माझ्या टेबलावर आहे. लो बाजूच्या मधल्या कॅव्हिटीचा स्क्रू त्यानं इतका पिळलाय की वरची खाच गोल झालीय. पेचकस धरत नाही. आधी तो बाहेर काढायचाय.